अमर्याद प्रतीक्षा

चौदा मार्च. मृत : दोन.

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात त्या दुपारी नेटवर्क तुटले. फोन चालू होते, गाड्या उभ्या होत्या, चालक जागेवर होते. तुटला होता तो केवळ संगणकांचा डेटाबेसशी असलेला संपर्क. कक्षात सर्वांत जुन्या असलेल्या काकूंनी फोनवरचा पत्ता भरून ‘गाडी पाठवा’ हे बटण दाबले, आणि पडद्यावर चक्र फिरू लागले. काकू थांबल्या. नियमच तसा होता : चक्र फिरते आहे तोवर हात लावायचा नाही. पूर्वी कोणी अधीर होऊन दोनदा बटण दाबले आणि एकाच दारात दोन गाड्या जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून ते वाक्य भिंतीवर डकवलेले होते. आता उत्तर येणारच नव्हते. पडदा मात्र तसे सांगत नव्हता. काकूंच्या टेबलावरून त्या दुपारी दोन घरांना गाडी गेलीच नाही.

साहेबांनी चौकशी समितीपुढे निदान मांडले : नेटवर्क दैवाने तुटले, हलगर्जी काकूंनी केली, त्यांना घरी पाठवावे.

कक्षाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. तिने मुळात प्रतीक्षेला पाच सेकंदांची मर्यादा घातली होती. तेवढ्यात उत्तर न आल्यास पडदा लाल व्हायचा आणि ‘संपर्क तुटला, चालकाला फोन करा’ असे सांगायचा. एकदा पाहुण्यांदेखत सगळे पडदे लाल झाले. साहेबांची शोभा झाली, म्हणून मर्यादा काढण्याचा हुकूम सुटला. ताई भांडली होती. मग तिने ती काढली होती.

समितीच्या दुसऱ्या बैठकीच्या सकाळी ताईच्या सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.”

“मासा कुजलाय, आई.”

“मग पाणी तरी किती दिवस टिकणार? जा. पण जेवून जा. उपाशीपोटी भांडलं की आवाज चिरका होतो.”

जेवून गेलेल्या ताईचा आवाज चिरका झाला नाही.

“साहेब, नेटवर्क तुटणारच. तुटल्यावर किती थांबायचं, हे माणसं ठरवतात. आपण ठरवलं, कायमचं.”

“मर्यादा घातली की हे लोक पुन्हा बटण दाबणार. परत दोन गाड्या! त्याचं काय?”

“प्रत्येक कॉलला स्वतःचा क्रमांक द्यायचा. मग दहादा दाबा, गाडी एकच निघेल. हे तेव्हाच सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढा खटाटोप कशाला, भिंतीवर नियम लावा.”

“तुम्ही कोणाशी बोलताय, कळतंय का?”

“चक्र फिरत ठेवणाऱ्याशी. त्यात मीही आले. मला काढा. काकूंना हात लावायचा नाही.”

दाराशी उभ्या काकू कुजबुजल्या, “अगं, माझ्यापायी स्वतःच्या पोटावर पाय कशाला आणतेस?”

“तुमच्यापायी नाही हो. माझ्या डोक्यापायी. झोपू देत नाही मेलं.”

ताईने परवानगी मागितली नाही. समितीला ती काकूंच्या बंद ठेवलेल्या टेबलापाशी घेऊन गेली. मर्यादा आणि क्रमांक तिने सकाळीच त्या संगणकात बसवले होते. चाचणीचा पत्ता भरून तिने बटण दाबले आणि त्याच क्षणी मागची नेटवर्कची तार उपटली. चक्र फिरले. समितीचे सभासद चक्राकडे पाहत राहिले, साहेब भिंतीकडे. मग पडदा लाल झाला. कोणी सांगण्याआधीच काकूंचा हात फोनकडे गेला.

“बघा,” ताई म्हणाली, “सांगितलं की माणसं वाट पाहत बसत नाहीत.”

काकू कामावर आहेत. सगळ्या टेबलांवर मर्यादा परत आली आहे आणि भिंतीवरचा नियम उतरला आहे. ताईची बदली तळघरातल्या भांडारात झाली. तिथून ती दर आठवड्याला वर येऊन एकेक तार उपटून पाहते आणि तिला अडवण्याचे धाडस कोणी करत नाही. मर्यादा कोणाच्या हुकुमाने निघाली, याबद्दल अहवालात एक अक्षर नाही. त्या दोन घरांची माफी अजून कोणी मागितलेली नाही.