कुसुमताई आणि राहिलेले रिटर्न

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावं. मी चौथी शिकलेली. खरं तर हे कोणी वाचू नये असंच वाटतं, पण न लिहिता झोपही लागत नाही.

कुसुमताई गेल्या त्याला आज पाच आठवडे झाले. साउथहॅम्प्टनहून त्यांच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली; हॉस्पिटलने आधी तिलाच कळवलं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला, आता पोलीस आले तर मला एकटीलाच नेतील... लिहायलाही लाज वाटते. रडू नंतर आलं.

लंडनच्या ईलिंगमध्ये आम्ही दोघी जेवणाचे डबे करायचो. पुण्या-मुंबईहून आलेली कॉम्प्युटरवाली मुलं एकेका घरात पाच-सहा राहायची, त्यांच्यासाठी. कुसुमताई नागपूरच्या, हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर झालेल्या. ओळख बुद्धविहारातली. डबे वाढले तेव्हा त्यांनीच लिमिटेड कंपनी काढली. दोघी डायरेक्टर, आणि वर मी सेक्रेटरी. "काहून घाबरतेस वं? मी पेन्सिलने फुली मारते, तिथं सही कर," त्या म्हणायच्या. मी करायचे. वर्षातून एकदा सरकारचा फॉर्म यायचा. कंपनी अजून आहे, पत्ता हाच, माणसं हीच, असं कळवून फी धाडायची. त्याला रिटर्न म्हणतात. हिशेब वेगळे पाठवायचे. पुढे फुली मारलेले कागद येणं थांबलं. मला वाटलं, आता माझी सही लागत नसेल. विचारायची हिंमत झाली नाही.

विहारातल्या आम्हा आठ बायकांची भिशीही कंपनीच्याच खात्यात असायची. घरात रोख ठेवायची भीती वाटायची म्हणून. तेच चुकलं.

एकदा साउथॉलला डाळ-तांदूळ घेताना कार्ड चालेना. बँकेत गेले, तर तिथला माणूस म्हणाला, या नावाची कंपनीच आता नाही. त्याने दिलेलं पत्र घेऊन तशीच ताईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. सवडीने वाचते."

कागदाची कोरी बाजू त्यांच्याकडे होती.

मी तो त्यांच्या हातात सुलटा केला. मग त्याच बोलल्या, "शुगरने डोळे खाल्ले गं माझे. दोन वर्षं झाली." कपाटातून त्यांनी एक पिशवी काढली. आत सगळी बंद पाकिटं. "वैशालीला कळलं तर ती मला उचलून तिच्याकडे नेईल. हे घर सुटेल माझं. कोणाला सांगू नकोस, शपथ आहे तुला." मी शपथ घेतली.

मला इंग्रजी येत नाही, पण बसच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं ओळखू येतात. मी एकेक अक्षर म्हणायचे, त्या जोडून शब्द करायच्या. एका पत्राला एक दुपार जायची. एका ओळीपाशी त्या एकदम थांबल्या. "काय लिहिलंय ताई?" "खटला," त्या म्हणाल्या. रिटर्न भरला नाही तर सेक्रेटरीवरही खटला. सेक्रेटरी मी! त्या दिवसापासून दाराच्या फटीतून टपाल पडलं की मी आधी पाकिटावर माझं नाव शोधायचे. पोलिसाची गाडी दिसली की मी दुसऱ्याच गल्लीत वळायचे. पुढच्या पत्रात होतं की नोंदीतून काढलेल्या कंपनीचे पैसे राणीच्या खजिन्यात जमा होतात.

"म्हणजे या महिन्याची भिशी राणीला लागली म्हण की," ताई हसल्या. मला हसू आलं नाही.

कारण त्या महिन्याचा नंबर मंदाबाईंचा होता. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरभाडं थकलेलं. विहारात सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "काय हो सेक्रेटरीबाई, आमचे पैसे कुठल्या कंपनीत गेले?" मागून कोणीतरी म्हणालं, "चौथी पास सेक्रेटरी केल्यावर दुसरं काय होणार!" ताई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलणार, एवढ्यात मी त्यांचा हात दाबला. "चूक माझी आहे," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलले... आणि तेही खोटं.

एका वकिलाने सांगितलं की राहिलेले रिटर्न आणि हिशेब दिले, तर कोर्ट कंपनी परत जिवंत करतं. दंड आणि कोर्टाची फी ताईंनी साठवलेल्या पेन्शनमधून भरली. फॉर्म आम्ही दोघींनी भरले. त्या सांगायच्या, मी चौकोनात अक्षर काढायचे. हिशेब डब्यांच्या वहीतून उतरवले. पेन्सिलची फुली आता मी मारायची, त्यांचं बोट धरून तिथं टेकवायची, मग त्या सही करायच्या. चुकलं तर पुन्हा खटला, या भीतीने मी प्रत्येक पान चारदा तपासायचे. "तू हॉस्पिटलात असतीस तर पेशंट तपासणीतच मेला असता," त्या म्हणायच्या.

कोर्टाचा होकार त्यांनी ऐकला; माझी पोलिसांची धास्ती तरी गेली नाही. पैसे मात्र त्या गेल्यावर अकरा दिवसांनी खात्यात आले. बँकेचं पत्र मी एकटीने अक्षर अक्षर लावलं, तरी खात्री होईना. शेवटी आकडा वाचला, आकडे तर मला येतात. तोवर भिशी मोडलीच होती; माझे सोडून सहा जणींचे पैसे जिचे तिला दिले. मंदाबाईंनी दोनदा मोजले आणि खाली बघत म्हणाल्या, "बस, चहा टाकते."

राहिला ताईंचा वाटा. तो घेऊन मी कोच बसने साउथहॅम्प्टनला गेले. वैशाली दारातच म्हणाली, "काकू, राग नका मानू, पण तुमच्या कंपनीच्या टेन्शननेच आई गेली. तुम्ही लेटर्स वेळेवर उघडले असते तर..." ओठांवर आलं होतं. पण शपथ होती. मी म्हणाले, "हो गं. माझंच चुकलं."

ती म्हणाली, राहू दे, मोजू नका. पण मी टेबलावर एकेक नोट ठेवत मोठ्याने मोजल्या. भिशीची पै न् पै फिटली.