वाळू नाही, चंद्र काढतोय!

तेलरंगाचा एक मोठा दोष आहे. तो लवकर सुकत नाही. जलरंगातलं चित्र तासाभरात फायलीत जातं, घरात कुणाला कळतही नाही. तेलरंगातलं चित्र आठवडेच्या आठवडे हॉलमध्ये ओलं उभं असतं. तेवढ्यात शेजारी येतात, पाहुणे येतात, गॅस सिलिंडरवाला येतो आणि प्रत्येक जण जाताना काहीतरी बोलून जातो. आमच्याकडे किस्से साठले ते असे. मी काही जमवायला गेले नाही, ते ओल्या रंगाला येऊन चिकटले!

आधी ओळख करून देते. मी सुनंदा. विरारला एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते. चित्रकलेच्या शाळेची पायरी चढलेली नाही. चाळिशी उलटल्यावर रंगाची पहिली ट्यूब विकत घेतली आणि तेव्हापासून माझा विषय एकच, चांदण्यातला समुद्र.

"दुसरं काही येत नाही का?" असं लोक विचारतात.

"येत असेल. करून बघितलं नाही कधी!"

* * *

पहिली लढाई सोसायटीत झाली. टर्पेंटाइनचा वास जिन्यात येतो अशी तक्रार गेली. मग मी चित्र सुकवायला गच्चीवर ठेवायला लागले. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी बोर्डावर नोटीस लावली: "गच्चीवर पापड, कुरडया, मिरच्या इत्यादी वाळवण सोडून अन्य वस्तू ठेवू नयेत."

मी नोटीस नीट वाचली. वर गेले. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया पसरल्या होत्या, त्यांच्या शेजारी जुनी साडी अंथरली आणि त्यावर चित्र आडवं ठेवलं. साडीच्या चारी कोपऱ्यांवर वजनाला वाट्या ठेवल्या. कावळ्यांसाठी काळा कपडासुद्धा बांधला.

सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "मॅडम, हे काय आहे?"

"वाळवण."

"कसलं वाळवण?"

"समुद्राचं!"

त्यांनी खाली जाऊन नोटीस पुन्हा वाचली असणार. "इत्यादी" शब्दाचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

* * *

माझा नवरा विलास फार कमी बोलतो. चर्चगेटला अकाउंट्समध्ये आहे. माझ्या चित्रांबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर त्याच्या तोंडून निघत नसे, त्यामुळे मला वाटायचं की याला हे सगळं मनातून पटत नसणार.

एकदा त्याच्या ऑफिसातले एक साहेब जेवायला आले. बसल्या बसल्या आमटीचं कौतुक सुरू झालं. "वहिनी, चव आहे हो तुमच्या हाताला!" दोन वाट्या आमटी झाल्यावर त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. अर्धवट समुद्र होता, चंद्र अजून यायचा होता. साहेब हसले. विलासला म्हणाले, "वहिनींकडे बराच रिकामा वेळ दिसतो!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात विलास शांतपणे म्हणाला, "रिकामा वेळ नाहीच तिच्याकडे. म्हणून तर आज सगळा स्वयंपाक मी केला. आमटी वाढू अजून?"

साहेबांनी नको म्हटलं. पोट भरलं होतं म्हणे!

* * *

आमचा किनारा पश्चिमेचा. त्यामुळे पौर्णिमेचा चंद्र आमच्याकडे समुद्रातून वर येत नाही, तो समुद्रात उतरतो, आणि तेही पहाटे. ज्याला तो बघायचाय त्याने गजर लावायचा.

अशाच एका पहाटे राजोडीच्या किनाऱ्यावर मी स्टँड उभा करून काम करत होते. विलास मागे सुरूच्या झाडाला टेकून डुलक्या घेत होता. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. एक हवालदार आणि त्याचे साहेब उतरले. हवालदाराने विचारलं, "बाई, एवढ्या पहाटे इथे काय चाललंय?"

मी नजर न वळवता म्हटलं, "चंद्र काढतेय."

"कुठून?"

आता याला काय सांगणार! मी ब्रशने समोर दाखवलं. "पाण्यातून."

तो गाडीपाशी उभ्या असलेल्या साहेबांना ओरडून म्हणाला, "साहेब, बाई पाण्यातून चंद्र काढतायत म्हणे!"

तिकडून जांभई देत उत्तर आलं, "वाळू काढत नाहीत ना? मग काढू दे!"

* * *

त्याच किनाऱ्यावर मला इनासकाका भेटले. जवळच्या वटार गावचे. केळी आणि मोगऱ्याची वाडी, वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर कायम टोपी. तीन-चार वेळा येऊन ते माझ्या पाठीमागे नुसते उभे राहिले. पुढच्या खेपेला म्हणाले, "बाय, हा रंग कुठे मिळतो?" मी दुकान सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेला ते स्वतःचा कॅनव्हास घेऊन आले!

सोसायटीची कटकट ऐकून त्यांनी वाडीतलं जुनं पंपघर आम्हाला उघडून दिलं. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं तिथे. मोटर एका कोपऱ्यात, आम्ही बाकीच्या तीन कोपऱ्यांत.

पंपघराची बातमी एका निवृत्त ड्रॉइंग टीचरांपर्यंत गेली. सर मुद्दाम स्कूटरवरून आले. हात मागे बांधून सगळी चित्रं बघितली आणि माझ्या पॅलेटपाशी थांबले.

"काळा रंग थेट ट्यूबमधून घेताय?"

"हो."

"अहो, काळा असा थेट वापरायचा नसतो. हा पहिला धडा!"

"मी त्या दिवशी गैरहजर होते, सर."

सर घुश्शात निघून गेले. पुढच्या रविवारी परत आले. मला पहिला धडा नीट समजावून सांगायचा म्हणून. आता ते दर रविवारी येतात, चहा घेतात, इनासकाकांशी केळ्यांच्या रोगावर बोलतात. माझा पहिला धडा अजून झालेला नाही.

* * *

किनाऱ्यावरच्या एका नव्या रिसॉर्टचं इंटिरियर चाललं होतं. तिथली डेकोरेटर मुलगी पंपघरात आली. हुशार होती, बोलायलाही गोड. प्रत्येक खोलीत एक चित्र हवं म्हणाली. मी मनातल्या मनात खोल्या रंगवायलाही घेतल्या!

मग ती म्हणाली, "मॅम, वर्क खूप सुंदर आहे. फक्त मून जरा लोनली वाटतो. त्याच्या जागी सन करू या का? पडदे ऑरेंज आहेत. आणि गेस्टना पॉझिटिव्ह वाटलं पाहिजे."

"सूर्य नाही काढत मी."

"का, मॅम?"

"तो मला रोज सकाळी कामाला लावतो. वर त्याचं चित्रही मीच काढू?"

ती हसली, पण ऑर्डर गेली. खोटं कशाला बोलू, घरी येऊन मी रडले. एवढी भिंत परत कोण देणार होतं? विलासने चहा करून समोर ठेवला आणि विचारलं, "पडदे बदलायला सांगितलंस का त्यांना?"

* * *

इनासकाका माणसं काढत नाहीत. "माणूस काढला की तो कुणासारखा तरी दिसतो, आणि मग भांडणं होतात," असं त्यांचं म्हणणं. हे त्यांच्या चर्चमधल्या नव्या, तरुण फादरना ठाऊक नव्हतं. काका चित्रं काढतात एवढंच त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी प्रेमाने गळ घातली, "हॉलसाठी एक मोठं चित्र द्या. प्रभू येशू पाण्यावरून चालत येतोय, असं."

काका नाही म्हणाले नाहीत. दोन महिने राबले. पावसाळ्याआधीचा उसळलेला समुद्र, ढगांतून फुटलेलं चांदणं, आणि पाण्यावर क्षितिजापर्यंत गेलेली एक उजळ वाट. आजवरचं त्यांचं सगळ्यात चांगलं चित्र. सरांनासुद्धा त्यात चूक सापडली नाही, म्हणजे बघा!

फादर आले. लांबून बघितलं, जवळून बघितलं, चष्मा पुसून बघितलं.

"काका, चित्र अप्रतिम आहे. पण ह्यात प्रभू येशू कुठे आहे?"

इनासकाकांनी टोपी काढून हातात घेतली. "येतोय, फादर. अजून लांब आहे."

फादरनी पुन्हा त्या उजळ वाटेकडे बघितलं. मग म्हणाले, "हॉलमध्येच लावू या."

हल्ली लोक क्षितिजाजवळच्या एका पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवून मुलांना सांगतात, "तो बघ." तो ठिपका काकांनी ब्रश झटकला तेव्हा उडालेला आहे. आम्ही कुणाला बोललेलो नाही.

* * *

मग आम्हाला प्रदर्शनाची हौस आली. मुंबईच्या एका गॅलरीला मी फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, "आर्टिस्टचं एज्युकेशन?"

"बी.एस्सी., केमिस्ट्री."

"आणि दुसरे आर्टिस्ट?"

"सातवी. पण केळीतलं सगळं कळतं."

मग त्या अतिशय सभ्यपणे म्हणाल्या की आमच्याकडे ट्रेन्ड आर्टिस्टच घेतात, तुम्ही एखाद्या हॉबी ग्रुपमध्ये बघा.

हॉबी! इनासकाकांचा चेहरा लाल झाला. "बाय, प्रदर्शनाला काय लागतं? टांगायला जागा आणि बघायला माणसं. चल अर्नाळ्याला!"

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायला बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात. त्यातल्या काही हिराबाईंच्या. हिराबाई म्हणजे काकांच्या ओळखीच्या कोळीण, साठीच्या पुढच्या, आवाज किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. काकांनी एका रविवारपुरत्या दोऱ्या मागितल्या. हिराबाई म्हणाल्या, "अर्ध्या देते. अर्ध्यांवर माजे बोंबील. वारा आला नि तुमची चित्रां पडली तर माज्याकडं यायचा नाय!"

असं आमचं प्रदर्शन लागलं. एक दोरी बोंबलांची, एक समुद्राची. सर नवा शर्ट घालून आले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "इथे काळा रंग थेट ट्यूबमधून वापरलाय, हे मुद्दाम बघा!" अर्नाळ्याचा किल्ला बघायला आलेली माणसं थांबली. गावातल्या बाया आल्या, होड्यांवरचे पुरुष आले. कुणी होडीचं तोंड चुकलंय म्हणालं, कुणी म्हणालं, बरोबर आहे. त्यावरून त्यांच्यातच जुंपली. एवढ्या मन लावून माझं चित्र आजवर कुणी बघितलं नव्हतं.

एका पर्यटक बाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे विकायला आहेत का?"

हिराबाई मागून गरजल्या, "बोंबील का चंद्र, ता सांग आदी!"

* * *

संध्याकाळी आम्ही चित्रं उतरवत होतो. हिराबाई एका चित्रापुढे उभ्या होत्या. ते माझं सगळ्यात काळं चित्र. भरतीचं पाणी, वर चंद्राची बारीक कोर, होडी नाही, किनारा नाही. सरांना ते अपुरं वाटलं होतं, विलासला भीतिदायक.

"ह्या मला पायजे," त्या म्हणाल्या.

मी लगेच देऊन टाकलं. घरापर्यंत पोचवायला इनासकाका आणि मी गेलो. वाटेत त्या पुढे चालत होत्या तेव्हा काकांनी हळूच सांगितलं, की बऱ्याच वर्षांपूर्वी हिराबाईंचा नवरा होडीवर गेला होता. होडी परत आली, तो आला नाही.

घर अगदी पाण्याला लागून. दारात उभं राहिलं की समोर दुसरं काहीच नाही, नुसता समुद्र. मोठ्या भरतीला उंबऱ्यापर्यंत शिंतोडे येतात. काकांनी आतल्या भिंतीला खिळा ठोकला. मी चित्र टांगलं. हिराबाईंनी ते पदराने पुसलं, जरा डावीकडे सरकवलं, आणि समोर स्टूल ओढून घेतलं.

मला राहवलं नाही. "हिराबाई, दार उघडलं की अख्खा दर्या समोर आहे. मग हा कशाला?"

त्या स्टुलावर बसल्या. चित्रावरची नजर हलवली नाही.

"त्यो दर्या माजं ऐकत नाय," म्हणाल्या. "आता तुमी दोगं जरा भायेर जा."

आम्ही बाहेर आलो. त्यांनी उठून दार लोटलं आणि आतून कडी घातली.