शेवंताबाईंनी गिळलेलं ‘अबब’

भरवेलीच्या खाण कॉलनीत बातमी कुठेही घडो, ती खरी ठरते शेवंताबाईंनी ‘अबब’ म्हटल्यावर. वांगी महागली तर ते तोंडातल्या तोंडात. कुणाची सून रुसून माहेरी गेली तर जरा लांबवून. आणि गालावर हात ठेवून, डोळे मोठे करून निघालं, तर त्या घराला महिनाभर तोंड लपवायला जागा नाही.

अशा बाईंकडे एका दुपारी शेजारच्या भैयालालची अंजू आली. पोरीनं गुपचूप मोठ्या गाड्यांचं लायसन काढलं होतं आणि वारासिवनीचा एक मालक तिला बस चालवायला द्यायला तयार होता. बाप तसा राजी. भीत होता तो लोकांना. शेवंताबाईंनी गालावर हात ठेवला तर बस विसरायची, असं त्यानं स्वच्छ सांगून टाकलं होतं.

“आजी, तुमी फक्त ते म्हनू नोका.”

तेवढ्यातच बाईंचा हात गालाकडे निघाला होता. अंजूनं तो वाटेतच धरला. बाईंनी कबूल केलं खरं, पण पोरगी गेल्यावर दोन तांबे पाणी प्यायल्या, तरी ते आपलं घशाशीच.

संध्याकाळी चक्कीवर दळणाची रांग होती. भैयालालही डबा घेऊन उभा. रांगेतल्या अनुसयानं नेमकी वेळ साधली: भैयालालची अंजू आता बस चालवणार म्हणे! साऱ्या माना बाईंकडे वळल्या. भैयालाल डब्याच्या झाकणाकडे बघत राहिला.

बाईंचा हात उठला, गालापर्यंत पोचला, आणि तिथं त्यांनी नसलेला डास फटकन मारला.

“हौ. मंग काहून पाहून राह्यल्या साऱ्या? बस कोनीतरी चालवतेच ना. अनुसया, तुहं दळन सरकव पुढं.”

रांग पार हिरमुसली. भैयालालनं मात्र मान वर केली आणि कुणी न विचारता सांगितलं, की सोमवारपासून जाते म्हणून.

सोमवारी वारासिवनीत बाईंचं काडीचं काम नव्हतं. तरी अंजूच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसल्या. बालाघाटच्या स्टँडवर दोन बसच्या मधून, दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा ठेवून, अंजूनं ती लांबलचक गाडी अलगद मागे घेतली, वळवली आणि रस्त्याला लावली. मग आरशात बघून हसली.

“आता म्हना, आजी.”

बाईंनी दोन्ही गालांवर हात ठेवले. आठवडाभराचं साठलेलं ते असं निघालं, की कंडक्टर धावत आला, बाईंचं तिकीट हरवलं समजून.