देवघरातला डाग

आमच्या देवघराच्या संगमरवरावर पेढ्याएवढा एक निस्तेज डाग आहे. आज दिवा लावताना त्यावरून पुन्हा बोट फिरवलं.

शिल्पकार संगमरवर छिन्नीने कोरतात, मी लिंबाने कोरला. दिवाळीआधी पितळेचे देव घासले आणि लिंबाची फोड तिथेच विसरलो. दुसऱ्या दिवशी डाग दिसला, तेव्हा दहा वर्षांच्या मुक्ताला विचारलं, "काय सांडलंस गं?" मुलांच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक नुकतंच वाचलेलं असल्याने आवाज न चढवता, अगदी प्रेमाने आळ घेतला. तिच्या आईनेही तिला दोन शब्द सुनावले.

आठवड्याभराने मुक्ता शाळेत पाहिलेला प्रयोग दाखवायला आली. माळ्यावरचा उरलेला संगमरवराचा तुकडा बशीत ठेवून तिने त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे उठले. पुसलं, तर तसाच डाग! माझा चेहरा पिळलेल्या फोडीसारखा झाला.

"म्हणजे मीच की गं!"

"हो बाबा. तू देव घासताना मी फोड बघितली होती."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, कळलं की तूच सांगशील."

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि सांगून टाकलं. हिने कपाळाला हात लावला. "आधी पोरीची माफी मागा. मग दगडाला पॉलिश करून घेऊ."

माफी मागितली. पॉलिश मात्र मीच करू दिलं नाही. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. देवांना नमस्कार झाला, की मी त्या डागालाही हात जोडतो.