बंड्याचे गुरुवार आणि माने डॉक्टर

माने डॉक्टर गेल्याचं मला मेथी निवडताना कळलं. त्यांच्या मुलाचा फोन होता. "आई म्हणाली, बंड्याच्या वहिनींना कळवायलाच पाहिजे," तो म्हणाला, आणि तशा वेळीही मला हसू आलं. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्या घरात माझी ओळख अजून तीच. डॉक्टर पंच्याऐंशीच्या घरात होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. या गोष्टीला महिना झाला. रडू फारसं आलं नाही, एकीला धरून दुसरी अशा आठवणी मात्र येत राहिल्या... त्यातली मला सगळ्यात जवळची आहे ती लिहून ठेवते.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर लग्न होऊन मी केमहून सोलापुरात आले. सासरे कचेरीत हेडक्लार्क, नवरा शाळेत मास्तर, सासूबाई दत्ताच्या निस्सीम भक्त. घर चांगलं होतं, जाच म्हणावा असा काही नव्हता. पण मला कुणी काही विचारत नसे. भाजी कुठली करायची हेसुद्धा ठरूनच माझ्यापर्यंत यायचं. मनातलं बोलायला एकच जीव होता, बंड्या. मी मोरीत भांडी घासायला बसले की तो उंबऱ्याशी येऊन पसरायचा आणि मी त्याला माहेरचं सगळं सांगत बसायचे. पुढच्या उन्हाळ्यात तो आजारी पडला. उलट्या, पोट बिघडलेलं, अंगावरचे केस गळालेले. जरा सावरला म्हणावं तर पुन्हा तेच. शेवटी सासऱ्यांनी ठरवून टाकलं, येत्या रविवारी त्याला दुधनीला, सासूबाईंच्या भावाच्या शेतावर सोडायचं. "मोकळ्या हवेत बरा होईल," ते म्हणाले. त्या शेतावरची दांडगी कुत्री मी पाहून आले होते. हा आमचा मरतुकडा तिथं आठवडाभरही टिकला नसता. पण हे सांगणार कुणाला? नवऱ्याला काय वाटलं कोण जाणे, शनिवारी सकाळी तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी घेऊन आला.

डॉक्टर वेळापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुढे केलेली खुर्ची सारून ते सरळ फरशीवर मांडी घालून बसले. बंड्याला हातही लावला नाही. "आदी माणसं तपासू," म्हणाले. "त्याला बोलता येत न्हाय, तुमाला येतंय." मग एकेकाला विचारत गेले. खातो काय, पाणी कुठं ठेवता, फिरायला कोण नेतं, पिसाळण्याची लस टोचली का. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "दूध-भाकरी. बाकी काही नाही हो डॉक्टर. आमच्यात कुत्र्याला उष्टंसुद्धा घालत नाहीत." सासऱ्यांनीही मान डोलावली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. मला ठाऊक होतं की दत्ताच्या पायाशी कुत्रे असतात म्हणून दर गुरुवारी बंड्यापुढे ताट मांडलं जातं. साजूक तुपातला शिरा, वर पेढे. सासूबाईंचं पाहून गल्लीतल्या आणखी चार घरांतूनही ताटं यायची. पण सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. नैवेद्य हे त्यांच्या लेखी खाणंच नव्हतं.

डॉक्टरांनी बंड्याचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या आणि हात धुवायला पाणी मागितलं. मी मोरीत तांब्या घेऊन गेले. हात चोळता चोळता, माझ्याकडे न बघता, त्यांनी हळूच विचारलं, "वैनी, ह्यो कुठल्या वारी आजारी पडतोय?"

"शुक्रवारी," मी म्हणाले.

"मग गुरुवारी काय आस्तंय घरात?"

मी वळून बाहेर कुणी ऐकतंय का ते पाहिलं. सासूबाईंच्या विरुद्ध बोलायचं, आणि तेही देवाच्या गोष्टीत... पण दुसऱ्याच दिवशी रविवार होता. मी सगळं सांगितलं, कुठल्या घरातून काय येतं तेसुद्धा. डॉक्टर "बरं" म्हणून बाहेर गेले. आता माझं नाव निघणार म्हणून मी तशीच मोरीत उभी राहिले.

"काकू, ह्याच्या पोटावरनं कळतंय, तूप आन् साखर लई झालीया. गुरुवारी नैवेद्य घालता व्हय?"

"अहो, पण तो देवाचा प्रसाद. प्रसादानं कुणाचं वाईट होतं का?"

"न्हाय की. पर काकू, नैवेद्य दाखवायचा आस्तो. देवापुढं ताट दाखवून आपुन उचलतोच की. ह्यालाबी दाखवा, चिमटीभर तोंडाला लावा आन् बाकीचं गल्लीतल्या पोरास्नी वाटा."

सासूबाईंना ते पटलं. देवाला जे चालतं ते कुत्र्यालाही चालेल, असं त्या स्वतःच म्हणाल्या. सासरे मिशीत हसले आणि दुधनीचं महिनाभर पुढे ढकलू म्हणाले. ते ढकलणं कायमचंच झालं.

नंतरचे कितीतरी गुरुवार बंड्या ताट आलं की आशेनं उठायचा, चिमूटभर शिरा चाटायचा, आणि ताट निघून गेलं की सासूबाईंकडे असं बघायचा की त्याच अवघडून आत जायच्या. पोरांची मात्र चंगळ झाली. दोन महिन्यांत बंड्याच्या अंगावर नवे केस आले. डॉक्टर येता-जाता डोकावायचे, चहा घ्यायचे, औषधापेक्षा गप्पाच जास्त. मला सांगायचे, अंगभर रोज हात फिरवा, गोचीड डोळ्यांच्या आधी बोटांना सापडते. कान हुंगून बघा, वास आला तर दवाखान्यात आणा. दुपारच्या डांबरावर त्याला नेण्याआधी स्वतः अनवाणी उभ्या राहून बघा. सोलापूरच्या उन्हात मी ते एकदा करून पाहिलं, पुन्हा दुपारी त्याला बाहेर नेलं नाही. बंड्या पुढे आठ वर्षं जगला आणि चांगला म्हातारा होऊन गेला.

डॉक्टर निवृत्त झाल्यावर एका लग्नात भेटले, तेव्हा मी पंगतीत त्यांना विचारलंच, "त्या दिवशी मलाच का विचारलंत हो?"

ते खूप हसले. "काकू बोलत हुत्या तवा बंड्या त्यांच्याकडं बघतच न्हवता. सारका दाराकडं बघत हुता. तितं तुमी हुता. म्हनलं, ह्या घरातलं खरं ह्यांच्यापाशी हाय."

सासरी येऊन वर्ष झालं होतं, आणि त्या दिवशी मोरीत मला पहिल्यांदा कुणीतरी काही विचारलं होतं. आता मीच सासू आहे. घरात काही ठरायचं असलं की सगळ्यांचं बोलून होऊ देते आणि मग गप्प उभ्या असलेल्या सुनेकडे वळून म्हणते, "तुला काय वाटतं?" आमच्या आईंचा स्वभावच तसा आहे, असं ती कौतुकानं मैत्रिणींना सांगते. फोन आला त्या संध्याकाळी मी तिला जवळ बसवून सांगितलं, तो स्वभाव माझा नाही गं, माने डॉक्टरांचा आहे.