खाट जिथं, तिथं वर्ग

दुखणं अंगावर काढण्यात आपल्याला एवढा अभिमान कशाचा वाटतो?

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझा बायोप्सीचा रिपोर्ट वाचला. बायोप्सी म्हणजे सुईनं मणक्यातला बारीक तुकडा काढून केलेली तपासणी. त्यांनी विचारलं, "पाठ किती दिवस दुखतेय?" पाच महिने. "संध्याकाळचा ताप?" तोही तेव्हापासून. "मग इतके दिवस काय करत होतीस?"

"शिकवत होते."

"पॉट्स स्पाइन आहे," ते म्हणाले. म्हणजे मणक्याचा टीबी. जंतू हाड पोखरतात, उशीर झाला तर पाय लुळे पडतात. माझी फुप्फुसं स्वच्छ होती, त्यामुळे माझ्यापासून कुणाला धोका नव्हता. पण वर्षभर गोळ्या आणि पहिले तीन महिने खाट.

मला पायांपेक्षा मार्चमधल्या परीक्षेची काळजी. विडी कामगारांच्या वस्तीतल्या सात मुलींना मी संध्याकाळी शिकवते. विड्या वळण्यासाठी त्यांची शाळा सुटलेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या बाहेरून दहावीला बसणार होत्या. मी नसेन तर त्यांना कोण बसवणार?

माझे वडील युनियनची पत्रकं लिहायचे. त्यांच्यामुळे माघार हा शब्द मला शिवीसारखा वाटतो. त्यातून कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकलेली. तिथे फ्रान्समधल्या एका संत शिक्षिकेचं चित्र होतं. वीसेक वर्षं त्यांचे पाय चालले नाहीत, तरी त्यांनी गावातल्या गरीब मुलांना शिकवलं. आम्ही त्यांना खाटेवरच्या बाई म्हणायचो. मी ख्रिस्ती नाही, पण आदर्श म्हटलं की त्याच आठवतात.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी होते, घाबरू नका. मळमळ मात्र दिवसभर. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पाठ हलकी वाटली. गोळ्या घेतल्या की उभं राहवत नव्हतं, म्हणून मी त्या बंद केल्या. पाठीला पट्टा बांधून रिक्षानं वस्तीत गेले आणि अठरा दिवस बीजगणित शिकवलं. एकोणिसाव्या दिवशी फळ्यासमोर उजवा पाय बधिर झाला.

पुन्हा तीच रांग, तोच बाक, पुन्हा एमआरआय. डॉक्टर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात," ते म्हणाले. "आता परत चाललीस तर गोळ्यांमुळे, हट्टामुळे नाही."

माझ्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, आमच्या सिस्टर, भेटायला आल्या. मी म्हणाले, "खाटेवरच्या बाईंनी कुठं हार मानली होती?"

"त्या उठून वर्गात जात होत्या, असं तुला मी शिकवलं?" सिस्टरनी विचारलं. "मुलं त्यांच्या खाटेपाशी यायची, बाळा. तू त्यांचा त्रास उचललास, बाकीचं राहिलं."

रागच आला मला. मुलींनी माझ्याकडे यायचं? त्यांची संध्याकाळ म्हणजे विडीची पानं कापायची वेळ. संध्याकाळी ओली पानं पत्र्याच्या मापानं कापायची, सकाळी तंबाखू भरून विड्या वळायच्या. एक दिवस चुकला तर कारखान्यात द्यायला माल नाही.

तरी निरोप पाठवला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातली नागमणी बाकीच्या सहा जणींना घेऊन दारात. प्रत्येकीच्या हातात सूप, कात्री, ओल्या फडक्यात पानं.

आई म्हणाली, "तंबाखू नको ग बायांनो घरात."

"तंबाखू घरीच ठेवलाय की," नागमणी म्हणाली. "नुसती पानं हायत. अक्का, तुम्ही झोपूनच सांगा, आम्ही कापत कापत ऐकतो. नाहीतरी उभ्या असला की लई ओरडता."

तेव्हापासून रोज असंच. मला अजून चैन पडत नाही. फळा नाही, बोट दाखवता येत नाही, म्हणून त्याच एकमेकींना समजावतात. नागमणी वर्गसमीकरण माझ्याहून सोपं करून सांगते. हे आधीच का कळलं नाही, याची लाज वाटते. गोळ्या पुन्हा सुरू आहेत, उजव्या पायाचा अंगठा हलू लागलाय. मार्चपर्यंत मी उभी राहीन की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मुली परीक्षेला बसतील, एवढं नक्की. हॉल तिकिटं आली आहेत.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या डॉक्टर सांगतील तोवर सोडू नयेत. आणि बाकीच्यांनो, तुमच्या गल्लीत एखादी शिक्षिका आजारी पडली असेल, तर आज संध्याकाळी तिच्याकडे जा. फळं नेऊ नका. वही न्या, आणि अडलेलं एखादं गणित तिला विचारा.