अखाजीला सुरत: एका स्वराज्यपटाच्या मागे

जुने शैक्षणिक पट जमवायचं वेड मला नव्वदच्या दशकात लागलं. सापशिडीसारखेच हे खेळ, फक्त सापाच्या जागी फितुरी आणि शिडीच्या जागी सत्याग्रह. अमळनेरच्या आमच्या शाळेतले शिपाईमामा एकदा म्हणाले, "बाई, असा पट मन्ही बहीनकडे सुरतमा शे." झालं, अखाजीची, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेची, सुट्टी गाठून मी निघाले. खानदेशात जन्म काढून हा शहाणपणा! अखाजीला सुरतेत पोटासाठी गेलेली आपली माणसं गावाकडे येतात, हे साफ विसरले. समोरून येणाऱ्या गाड्यांना दारापर्यंत लटकलेली माणसं, आणि माझ्या पॅसेंजरमध्ये मी बाकावर ऐसपैस आडवी.

शिपाईमामांची बहीण राहते त्या पांडेसऱ्याला जाणार असाल तर सुरतेपर्यंत जाऊ नका, आधी उधन्यालाच उतरा. स्टेशनबाहेर गरम लोचो, डाळीचा मऊ वाफवलेला पदार्थ, मिळतो, वर तेल आणि शेव मागून घ्या. पुढे शेअर रिक्षा, सुटे पैसे जवळ असू द्या. डाइंग मिलच्या वासाने डोकं उठतं, पण सवय होते. मला त्या वासापेक्षा दाराला कुलूप असेल याचीच धास्ती होती.

दार उघडं होतं. आत खापरावर पुरणपोळी चालली होती. शिपाईमामांची बहीण सिंधूबाई म्हणाल्या, "आम्ही कसा जाऊत? पोर येल शे ना. तिन्हं माहेर आठेच." शिरपूरला दिलेली त्यांची लता सणाला सुरतेत आली होती. खानदेशातली लेक माहेराला गुजरातेत येते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, या घरात मात्र पट मांडतात. सिंधूबाईंच्या वडिलांचा तो. सत्तावन्नचं बंड, मिठाचा सत्याग्रह, शेवटच्या घरात तिरंगा, आणि लाल रंग अजून टवटवीत. मला तो हवाच होता. आमरस-पोळी झाल्यावर कवड्या पडल्या. लता 'चले जाव'वर आली आणि तिने माझी सोंगटी थेट घरी पाठवली.

"नियम म्हणजे नियम, मावशी."

मी हळूच विकत मागितला. लताचा चेहरा उतरला. "नाही हो. इथे आले की आधी हाच काढते मी." मला, खरं सांगते, रागच आला. एवढं ऊन खात आले ते काय हरायला?

पट उचलताना मधली घडी दिसली. नुसत्या धाग्यांवर तगली होती, पुढच्या अखाजीला दोन तुकडे झालेच असते. 'फाटतोच आहे, मला द्या' हे अगदी ओठांवर आलं. पण पोरीकडे पाहवेना. मी मैद्याची खळ शिजवायला सांगितली, मलमलचा जुना तुकडा मागितला आणि पाठीमागून अस्तर लावलं. वर पोळपाट ठेवून दाबलं. दुपारभर लता तिथून हलली नाही.

वाळल्यावर तिने पट उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग माझ्या मांडीवर ठेवला. "तुमच्याकडे नीट राहील. पण अखाजीला घेऊन यायचं."

"आते तूबी लेकच," सिंधूबाई म्हणाल्या. "दर अखाजीले येजो."

घरी येऊन पटाला कपाटात कोरडी जागा दिली, कडुनिंबाचा पाला ठेवला. संग्रहात याहून जुने, दुर्मीळ पट आहेत, पण जीव यात आहे. आई गेल्यापासून अखाजीला मला कुणी बोलावत नव्हतं. आता सण जवळ आला की पट पिशवीत घालते, आणि शेजारणीने कुठे निघालात विचारलं की सांगते, माहेरी.